मुरबाडच्या शेतातला हिस्सा: ठाण्यातल्या एका कुटुंबाचा पहिला हंगाम

हे प्रकरण घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलात राहणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाचे आहे. त्यांनी मुरबाड तालुक्यातल्या एका शेतात हंगामभराचा हिस्सा घेतला, म्हणजे आधी पैसे देऊन दर आठवड्याला तिथल्या भाजीची पेटी घ्यायचे ठरवले, मध्यावर तो सोडायच्या बेतात आले आणि शेवटी टिकले. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. हिस्सेदारांचा गट जमवणे आणि शनिवारी भाजीच्या पेट्या वाटणे ही कामे माझ्याकडे होती, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या.

पार्श्वभूमी

कुटुंबात नवरा-बायको, दोन मुले आणि आजी. तो ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला, ती ठाण्यातल्या शाळेत शिक्षिका. आजींचे माहेर शहापूरकडचे. भाजी संध्याकाळी गेटबाहेरच्या गाडीवरून यायची, आठवड्याची मोठी खरेदी जांभळी नाक्यावर व्हायची आणि अडीअडचणीला मोबाईलवरून मागवली जायची. महिन्याचा भाजीखर्च साधारण ३,५०० रुपये.

शेत दोन भावांचे. तीन एकर, त्यात भात जास्त आणि भाजीला पाऊण एकर. पूर्वी भातानंतर भेंडी लावून ती कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात पाठवायची, हा त्या पट्ट्यातल्या अनेकांचा शिरस्ता. मालाचा भाव पोचल्यावर कळायचा. बियाण्याला आणि बांबूला लागणारा पैसा व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेतला, की माल त्यालाच द्यावा लागायचा. थोरल्या भावाला यातून सुटायचे होते. हंगामाचा पैसा खाणाऱ्यांकडूनच आधी मिळाला तर उचल घ्यावी लागणार नाही, असा त्याचा साधा हिशोब होता.

ही पद्धत नवी नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणी आणि शेतकरी यांनी ‘तेइकेई’ नावाने असे थेट करार सुरू केले. अमेरिकेत अशी पहिली दोन शेते १९८६ मध्ये उभी राहिली. गाभा एकच: पैसे हंगामाआधी द्यायचे, शेतात जे येईल ते वाटून घ्यायचे. चांगले पिकले तर सगळ्यांचे, बुडाले तरी सगळ्यांचे.

आमच्या गटात २४ घरे होती. जुलैच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेरपर्यंत ३० आठवडे, दर शनिवारी एक पेटी, आठवड्याला ५५० रुपये. एकूण १६,५०० पैकी निम्मे जूनमध्ये आणि निम्मे दसऱ्यापर्यंत. कांदे, बटाटे, आले, लसूण पेटीत नसणार, हे आधीच सांगितले होते. फेब्रुवारीपासून पेटी नाही, कारण विहीर तळ गाठते. ठाण्याच्या नळांना येणारे बरेचसे पाणी याच भागातल्या बारवी आणि भातसा धरणांतून येते आणि धरणांच्या आसपासच्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. ‘वर्षभर का नाही देत?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत आले आहे, पुढेही सांगेन.

अडचण कुठे सुरू झाली

हिस्सा घेण्याचा निर्णय नवऱ्याचा. कीटकनाशकांविषयी वाचून तो अस्वस्थ होता. त्याने फॉर्म भरला, पैसे पाठवले आणि रात्री जेवताना घरात सांगितले. या प्रकरणातली पहिली महत्त्वाची जागा हीच, पण तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही. ज्याने ठरवले तो भाजी निवडत नव्हता, शिजवत नव्हता आणि डबेही भरत नव्हता.

कोकणपट्टीच्या पावसात भाजी पिकवणे सोपे नसते. पालक, मेथी, कोथिंबीर सडून जाते. तग धरतात ते मांडवावरचे वेल: शिराळी, पडवळ, कारली, दुधी, काकडी. त्यांच्या जोडीला भेंडी, अळू, माठ. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या पेट्या एकसारख्या होत्या. पडवळ सलग चार शनिवार आले. मुलांनी दुसऱ्याच आठवड्यात ताटे बाजूला सारली. शिक्षिकेचा शनिवार अर्ध्या दिवसाच्या शाळेत जायचा. घरी येऊन चिखलासकट आलेल्या जुड्या सोडवायच्या, किडकी पाने काढायची, धुऊन सुकवायची, यात दुपार संपायची. टोमॅटो, कोथिंबीर, मिरच्या, फ्लॉवर बाहेरून आणणे सुरूच होते. तिने वहीत खर्च लिहून ठेवला होता: ऑगस्टमध्ये पेटीचे २,२०० आणि बाहेरचे २,४००, म्हणजे महिन्याला हजाराहून जास्त वाढ. वर दुधी फ्रिजमध्ये सुरकुतत होते.

तिने मला स्पष्ट सांगितले, “ताई, भाजी चांगली आहे. पण हे माझ्या डोक्यावर आणखी एक काम आलंय, आणि ते मी मागितलं नव्हतं.”

हे वाक्य मी गटातल्या प्रत्येक नव्या घराला ऐकवते.

पहिले वळण: काम कोणाचे

याच सुमारास एका पेटीत बारीक गोलसर पानांची जुडी आली. नाव लिहिलेले नव्हते. शिक्षिका ती बाजूला काढून ठेवणार, तोच आजींनी एक डहाळी हातात घेतली, पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हा टाकळा. कोवळा आहे, आत्ताच खायचा. पुढे जून होतो, मग कडू लागतो.” त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, विळी मागवली आणि देठ बाजूला करत बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभे राहवत नव्हते, म्हणून घरच्यांनी त्यांच्याकडून स्वयंपाकाची कामे काढून घेतली होती. बसून निवडायला मात्र त्यांना काहीच अडचण नव्हती. धाकटी मुलगी शेजारी बसली. मग शनिवारची दुपार आजी आणि नातीची झाली.

आणखी दोन गोष्टी ठरल्या. गेटवर जाऊन पेटी आणायची, धुवायची, फ्रिजमध्ये लावायची ती नवऱ्याने. आणि शेतकऱ्याने गुरुवारी रात्री काय काय येणार ते गटावर कळवायचे, म्हणजे बाहेरची खरेदी त्याप्रमाणे करता येईल. वाटपाच्या टेबलाशेजारी मी एक रिकामी टोपलीही ठेवायला लागले: नको ते तिथे ठेवा, हवे ते उचला. कारली नको असलेले घर आणि कारल्यावर जीव असलेले घर एकाच इमारतीत निघाले.

रानभाज्यांबाबत एक नियम तेव्हाच घालून घेतला. प्रत्येक जुडीला नावाची चिठ्ठी आणि शिजवण्याची रीत सोबत हवी. शेवळासारखी भाजी काकड (एक आंबट रानफळ) किंवा चिंचेसारख्या आंबटाशिवाय केली, तर घशाला खाज सुटते. जिच्या घरी जाणती आजी नाही तिने काय करायचे?

गणपतीच्या आदल्या शनिवारची पेटी घरातले सगळे अजून आठवतात. अळू, लाल माठ, शिराळे, पडवळ, भेंडी, लाल भोपळ्याची फोड, मक्याची कणसे. ऋषिपंचमीच्या भाजीला लागणारे जवळजवळ सगळे एका पेटीत, आणि तेही बैल न लावता कुदळीने केलेल्या परसातल्या वाफ्यांतले, असे शेतकऱ्याने मुद्दाम लिहून पाठवले होते. बाजारात त्या दोन दिवसांत याच भाज्यांचे भाव चढलेले असतात. आजींनी मोठ्या पातेल्यात भाजी केली, मजल्यावरच्या चारही घरी वाटी गेली. पडवळाला नाक मुरडणाऱ्या मुलाने ऋषीच्या भाजीतले पडवळ खाल्ले. एरवीचे तो अजूनही खात नाही.

दुसरे वळण: फ्लॉवर

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. मांडव बसला. हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात कापून घरात आले होते, पण खालच्या खाचरातले निमगरवे, म्हणजे त्यामागून तयार होणारे, आडवे पडले. थंडीच्या भाज्यांची रोपे वाफ्यांत कुजली. त्या शनिवारी पेटीत थोडी भेंडी, दोन काकड्या आणि अळू एवढेच होते. पुढच्या शनिवारीही तसेच.

तिसऱ्या शनिवारी पेटी भरून आली. वर एक पांढराशुभ्र फ्लॉवर. एक पान किडलेले नाही, एक डाग नाही.

आजींनी तो उचलून पाहिला. “मुरबाडला या दिवसांत फ्लॉवर? आणि तो पण एवढ्या पावसानंतर?”

नवऱ्याने मला फोन केला, मी शेतकऱ्याला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “कल्याणच्या मार्केटातून आणला, ताई. लोकांनी पैसे दिलेत. सारखी रिकामी पेटी कशी पाठवू?”

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, संकोच होता. तरीही ही बाब गंभीर होती. दुसरा हप्ता याच आठवड्यात द्यायचा होता, आणि लोक पैसे देत होते ते त्या शेतातून काय येते हे कळावे म्हणून. गटावर रात्रभर चर्चा पेटली. दोन घरांनी हिस्सा सोडला.

पुढे आलेले पर्याय

या कुटुंबाने चार पर्याय मांडले. पहिला, दुसरा हप्ता न देता थांबणे. कागदावर तशी मुभा होती. नवऱ्याचा कल इकडे होता, कारण त्याने हिस्सा घेतला तो विश्वासावर आणि विश्वासालाच तडा गेला होता. दुसरा, कमी आलेल्या आठवड्यांचे पैसे कापून उरलेले देणे. हा पर्याय रास्त वाटतो, पण मला तो धोक्याचा वाटला आणि मी तसे बोलले. पावसाने बुडालेले कापून घ्यायचे असेल, तर तोटा पुन्हा एकट्या शेतकऱ्यावरच आला. मग हिस्सा आणि गाडीवरची भाजी यांत फरक काय उरला? शिवाय ज्याच्या पैशाला कात्री लागणार, तो पुढच्या वेळीही कल्याणहूनच फ्लॉवर आणणार. तिसरा पर्याय, काही न बोलता चालू ठेवणे. तो शिक्षिकेने एका वाक्यात फेटाळला: “मुलांनी वही अर्धी कोरी दिली तर मी मार्क कमी देते, पण दुसऱ्याची वही उतरवली तर घरी बोलावते.”

चौथा पर्याय आजींचा. आधी शेतावर जाऊ, डोळ्यांनी पाहू, मग ठरवू.

काय केले

पुढच्या रविवारी आमच्यातली पाच घरे मुरबाडला गेली. शहाडपर्यंत कोंडीत अडकलो, पुढचा रस्ता मोकळा होता. शेतात मांडवाचे बांबू चिखलात रुतले होते, वाळत चाललेल्या वेलांना बोटभर शिराळी लटकत होती. खाचरात आडव्या भाताच्या ओंब्या पाण्यात होत्या. थोरल्या भावाने एक ओंबी उपटून मुलीच्या तळहातावर ठेवली. दाण्यांना हिरवे कोंब फुटले होते. “आता हे भात नाही राहिलं,” एवढेच तो म्हणाला. तलाठी पंचनाम्याला येऊन गेले होते.

त्या दिवशी अंगणात बसून जे बोलणे झाले, ते खरे तर जूनमध्ये व्हायला हवे होते. तीन गोष्टी ठरल्या. बाहेरून आणलेली एकही वस्तू न सांगता पेटीत जाणार नाही, पेटी अर्धी असली तर अर्धीच येईल आणि का अर्धी ते गटावर फोटोसकट येईल. पावसाने झालेला तोटा कापून घेतला जाणार नाही. उरलेला हप्ता तीन महिने समान तीन भागांत, म्हणजे दरमहा २,७५० रुपये द्यायचा, ज्याने घरांना धीर येईल आणि शेतकऱ्याचेही अडणार नाही.

शेतकऱ्याने आपणहून आणखी एक गोष्ट पुढे केली: प्रत्येक घराला पाच किलो नवा तांदूळ, हळव्याचा. फ्लॉवरची भरपाई म्हणून. भाजीला ते जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचे द्रव खत घालत. इथे नवऱ्याने विचारले, “भातालाही जीवामृतच का?” थोरल्याने लगेच उत्तर दिले, “नाही दादा. भाताला युरिया टाकतो. भाजीच्या तुकड्याला नाही.”

जूनच्या माहितीपत्रकात ‘रसायनमुक्त शेती’ एवढेच छापले होते. ते भाजीपुरते खरे होते, शेतापुरते नव्हते. पण कुणी विचारलेच नव्हते. प्रमाणपत्र त्याच्याकडे कसलेच नव्हते. केंद्र सरकारच्या पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पद्धतीत निदान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करता येते, शेत सेंद्रियकडे वळवण्याच्या काळात एक शिक्का आणि ते पूर्ण झाल्यावर दुसरा मिळतो. त्याच्या वाडीत तयार असलेले तिघेच होते. कुटुंबाने तांदूळ घेतला, युरियाचा आहे हे माहीत असताना घेतला. मला हे उत्तर प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे वाटले, कारण तिथे खोटे बोलणे फार सोपे होते.

परिणाम

नोव्हेंबरही बारीकच गेला. डिसेंबरपासून पेट्या भरल्या: मुळा, पालक, मेथी, नवलकोल, वालाच्या शेंगा, ओल्या चवळ्या, थोडे टोमॅटो. चंपाषष्ठीच्या आठवड्यात वांगी आली. आजी चातुर्मासात वांगे खात नाहीत, ऑगस्टमधली वांगी त्यांनी टोपलीत ठेवली होती. आता भरीत झाले, कांद्याची पात घालून.

डिसेंबरचा भाजीखर्च पेटी धरून ३,४०० रुपये निघाला, म्हणजे पूर्वीइतकाच. पैसे वाचतात म्हणून कुणी हिस्सा घेऊ नये. या घराचे वाचले नाहीत. फेकले जाणे मात्र जवळजवळ थांबले. मुलीला आता शिराळे आणि घोसाळे यांतला फरक शिरांवरून कळतो.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्या वर्षी त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली नाही. मांडवासाठी बांबूऐवजी अर्ध्या भागात लोखंडी खांब आणि तार बसवली. २२ घरे शेवटपर्यंत राहिली, त्यांतल्या १७ घरांनी पुढच्या हंगामासाठी नाव दिले. हे कुटुंब त्यांत आहे, पण अर्ध्या हिश्शाने, समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त जोडप्याशी वाटून.

वेगळे काय करता आले असते

फॉर्मवर एकट्याची सही पुरेशी धरायला नको होती. भाजी निवडणाऱ्याला आणि शिजवणाऱ्याला विचारल्याशिवाय हिस्सा देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. आता मी फॉर्म घेताना घरातल्या दोघांशी बोलते आणि शनिवारची दुपार कोणाची, हे विचारते.

नव्या घराने जुलैत सुरुवात करू नये. पावसाळ्यातली पेटी जाणकारांची असते. डिसेंबरमध्ये सहा आठवडे घेऊन पाहावे, जमले तर पुढच्या पावसाळ्याला पूर्ण हिस्सा घ्यावा. यंदा आम्ही तशी सोय ठेवली आहे.

शेतावर जाणे तंटा झाल्यावर झाले. ते पैसे देण्याआधी, भाताची लावणी चालू असताना व्हायला हवे. तेव्हा गेलो असतो तर युरियाच्या गोणी तिथेच दिसल्या असत्या आणि प्रश्न आपोआप निघाला असता. ‘पेटी रिकामी असली तरी चालेल’ हे आपण शेतकऱ्याला तोंडी, त्याच्या अंगणात बसून सांगितले पाहिजे. कागदावर ते होते, पण कागदामुळे त्याचा संकोच गेला नाही.

आणखी एक बाब आम्हाला रविवारच्या भेटीत कळली. शुक्रवारी दुपारपासून रात्रीपर्यंत तोडणी, जुड्या बांधणे आणि पेट्या भरणे हे काम दोन्ही भावांच्या बायका करत होत्या आणि ५५० रुपयांच्या हिशोबात त्यांच्या मजुरीचा आकडाच नव्हता. इतके महिने गटाचे सगळे बोलणे भावांशी झाले, त्यांच्याशी एकदाही नाही. शिक्षिकेने अंगणात थोरल्या वहिनींना विचारले, “तुम्हाला कोणता वार सोयीचा?” त्या म्हणाल्या, “शुक्रवारी बाजाराला जाणं होत नाही. रविवारी सकाळी तोडून दुपारी पाठवली तर ताजी पण जाईल.”

पुढच्या हंगामाची पेटी रविवारी संध्याकाळी येणार आहे. दोघींची मजुरी धरून शेतकऱ्याने आठवड्याला ६१० रुपये मागितले आहेत. गटातल्या काही घरांना वाढ जास्त वाटते, बैठक मेच्या अखेरीस आहे. या कुटुंबाने आपले मत आधीच कळवले आहे: ६१० द्यावेत, पण मजुरीचा भाग दोन्ही वहिनींच्या खात्यात थेट जावा. माझेही मत तेच आहे.